बोकडाचा पाय आणि माणसाचा हात

बुधवारी सकाळी सात वाजता मटणाच्या दुकानात उभं राहून "मांस नको, नस द्या" असं म्हणणारी मुंबईतली मी बहुधा एकटीच बाई असेन. वाकोल्याला आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून उस्मानभाईंचं दुकान आहे. पहिल्या दिवशी त्यांनी सुरा खाली ठेवला आणि मला नीट न्याहाळलं.

"बाई, नळी म्हणायचंय का तुम्हाला?"

"नळी नाही, नस. पुढच्या पायातली, बगलेपासून खाली गुडघ्यापर्यंत. अख्खी पाहिजे. मध्ये कुठे सुरा लागलेला चालणार नाही."

"घरात कोणाला लकवा झालाय का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "खरं सांगू, याने काय फरक नाय पडत. डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टरनेच पाठवलंय मला."

"मग डॉक्टर बदला."

मागे उभी असलेली माणसं हसायला लागली. मी पिशवीतून कॉलेजचं पत्र काढलं, त्यावरचा शिक्का दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

मी नलिनी वानखेडे. पूर्व उपनगरातल्या एका मेडिकल कॉलेजात, शरीररचना विभागात टेक्निशियन होते. तेहतीस वर्षं नोकरी केली आणि मागल्या वर्षी निवृत्त झाले. हा विभाग म्हणजे डॉक्टर होऊ पाहणारी मुलं पहिल्या वर्षी जिथे मृतदेहावर शिकतात तो. देहदानातून आलेला देह उतरवून घ्यायचा, त्याच्या शिरांतून फॉर्मॅलिन सोडून तो टिकवायचा, हौदात ठेवायचा, मुलांच्या टेबलावर आणायचा, हे आमचं काम. त्याशिवाय स्लाइड करणं. शरीराचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्रावर त्याच्या केसाहून पातळ चकत्या काढायच्या, कोमट पाण्यावर तरंगवायच्या आणि काचेवर अलगद उचलून रंगवायच्या. चांगली चकती पाण्यावर पसरते तेव्हा दुधावरची साय पसरल्यासारखी दिसते. माझ्या चकत्यांना सुरकुती पडायची नाही. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

नोकरी लागली तेव्हा घरात आनंद कमी आणि गोंधळ जास्त झाला. वडील अकोल्याकडून आलेले, एका कारखान्यात फिटर. त्यांना अभिमान वाटला. पण माझी आत्या दिवाळीला आली आणि तिने माझ्या हातचा चहा घ्यायला नकार दिला. म्हणाली, "पोरी, तू मुडदे हाताळतेस." वडिलांनी पेपर बाजूला ठेवला. "अक्का, आपल्या आजाच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. आता तूच सुरुवात कर पुन्हा." आत्या कप उचलून फुर्रकन प्यायली. वर म्हणाली, "साखर कमी आहे."

उस्मानभाईंपर्यंत मला नेलं ते डॉ. जुईली प्रधानने. ही मुलुंडची मुलगी हाडांच्या विभागात सर्जन म्हणून शिकत होती. सरकारी भाषेत ती "डॉक्टर प्रधान" आणि मी "वानखेडे मॅडम"; पण ती माझ्या मुलीच्या वयाची, त्यामुळे माझ्या तोंडून दर दहा मिनिटांनी "अगं" निघायचंच.

तिचा एक पेशंट होता, घाटकोपरचा काच बसवणारा कारागीर. काच निसटून दंडावर पडली आणि आतली नस तुटली. आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो, पण इथे नस म्हणजे मेंदूचा निरोप स्नायूला पोचवणारा मज्जातंतू. जुईलीच्या वरिष्ठांनी ती छान शिवली. तरी वर्ष उलटलं आणि त्याची बोटं चिमटीत पेन धरू शकली नाहीत. तुटलेली नस वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. दंडापासून बोटापर्यंत पोचेतो तिकडचा स्नायू वाट बघून सुकून जातो.

अशा तुटलेल्या दोन टोकांमध्ये बसवायची एक बारीक नळी जुईलीच्या विभागात बनवली जात होती. उंदरावर ती झकास चालली. पण जुईलीला शंका होती. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मला उंदराची आणि माणसाची नस शेजारी शेजारी बघायचीय."

मी दोन स्लाइड लावल्या. उंदराची नस आडवी कापली की आत दोनतीन मोठे गोल दिसतात. म्हणजे एका आवरणात दोनतीन वायरी. माणसाची नस म्हणजे टेलिफोनची जाड केबल. आत लहान लहान कितीतरी जुड्या आणि जुड्यांच्या मध्ये चरबीची गादी. दोन वायरी एकमेकींना जोडणं वेगळं आणि अख्खी केबल जोडणं वेगळं.

"म्हणजे उंदरावर पास झालं, ते माणसावर नापास होऊ शकतं," जुईली म्हणाली.

"मग मधला कोणी बघ ना. माणसाएवढी लांब नस असलेला."

"मेंढी किंवा बकरी. पण बकरीची नस माणसाच्या नसेशी कुठे जुळते आणि कुठे नाही, हे आधी नीट लिहून काढायला हवं. नाहीतर पुन्हा तीच चूक."

तोच तिचा प्रबंधाचा विषय झाला. माणसाचे हात आमच्या हौदात होतेच. बोकडाचे पाय आणायचं मी कबूल केलं. दर बुधवारी उस्मानभाईंकडून. आमच्यासाठी एकही जनावर कापलं गेलं नाही. जे कापलं जाणारच होतं त्याची नस, जी ते फेकून द्यायचे, तेवढी आम्ही घ्यायचो.

उस्मानभाईंना पहिल्या दोनतीन आठवड्यांत नाद लागला. बर्फाचा डबा घेऊन मी पोचले की ते बाकीच्या गिऱ्हाइकांना थांबवायचे. "रुको भाई, पहिले सायन्स." बोटाने बगलेतलं मांस बाजूला सारून दाखवायचे, "हे बघा बाई. दोन सफेद दोऱ्या येतात, आणि इथे खूनच्या नळीखाली गळामिठी मारतात. मग एकच होऊन खाली जातात. चाळीस साल कापतोय, पण नाव आज कळलं."

ही गळामिठी महत्त्वाची होती. माणसाच्या बगलेतूनही या दोन नसा निघतात. एक दंडात जाऊन कोपर वाकवते, दुसरी सरळ खाली तळहातापर्यंत जाते. पण माणसात त्या वेगवेगळ्या चालतात. बोकडात मात्र बगलेतच एक होतात. पुस्तकात हे असतंच, पण उस्मानभाईंच्या बोटाखाली बघितलं तेव्हा मला ते खरं समजलं.

काम असं चालायचं. नसा आजूबाजूच्या चरबीच्या जाळ्यासकट काढायच्या, बरणीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवायच्या, चिठ्ठी लावायची. माणसाला "मा", बकरीला "ब", पुढे आकडा. सावकाश सफाई नंतर. फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर राहिल्या की दोन्ही नसा सारख्याच आखडतात आणि एकाच मळकट रंगाच्या होतात. म्हणून सगळी भिस्त चिठ्ठीवर.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले असताना, एका दुपारी जुईली मा-सात साफ करत होती. शेजारी मी चकत्या काढत होते. मध्येच म्हणाली, "मॅडम, हे बकरीचं आहे."

"मा-सात आहे ते."

"चिठ्ठी मा-सात आहे. नस बकरीची आहे. बघा ना, दोन्ही एकमेकींना मिळाल्यात."

मी भिंग घेतलं. खरंच होतं. दोन नसा वरून वेगळ्या येत होत्या आणि पुढे एकीची जाड फांदी दुसरीत शिरली होती.

"माझ्या हातून बरणी बदलणार नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीचा ताठा होता त्यात.

"मी तसं म्हणत नाहीये."

पण ती तसंच म्हणत होती, आणि मला तो दिवस आठवायला लागला. जुईलीला मध्येच ऑपरेशनला बोलावलं होतं. मी एकटीने एका देहाच्या डाव्या हातातल्या नसा काढल्या. सकाळी आणलेल्या बोकडाच्या दोन पायांतल्या नसा होत्याच. तीन बरण्या भरल्या. आणि तेवढ्यात डबा खायला हाक आली. ऑफिसातल्या एकीचा वाढदिवस होता. मी म्हटलं, चिठ्ठ्या काय, येऊन लावू.

मी हातमोजे काढले आणि खुर्चीवर बसले. "जुईली, एक सांगते. त्या दिवशी मी चिठ्ठ्या जेवून आल्यावर लावल्या."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आणि त्या दिवशीच्या दोन ब बरण्या? त्यात तपासता येईल."

"त्या कापून स्लाइड करून संपल्या. वरचा भाग उरलेलाच नाही."

मग ती म्हणाली, "स्लाइडवरून ओळखू? मा-सातच्या खालच्या टोकाची स्लाइड आहे. ती माणसासारखीच दिसते मला."

मीच मान हलवली. "माणसाची आणि बकरीची नस वेगळी दिसते हेच तर तुला सिद्ध करायचंय. त्याच फरकावरून बरणी कोणाची ते ठरवलंस तर परीक्षक तुला उभी राहू देतील का?"

आमच्या विभागप्रमुखांना सांगणं भाग होतं. सर शांत माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "वानखेडे, एका बरणीवर शंका म्हणजे सगळ्या बरण्यांवर शंका. तिला सगळं पुन्हा करावं लागेल. सहा महिने जातील." मला ओरडले नाहीत. "जेवायला जायच्या आधी एवढंच करायचं होतं हो," इतकंच म्हणाले. ते वाक्य अजून टोचतं मला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. नव्या पायांची गरज नव्हती, पण सवयीने मी उस्मानभाईंच्या दुकानात गेले. माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, "काय झालं बाई? वाट लागली काय?" मी मोबाइलवर मा-सातचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले, फोटो मोठा करून बघितला.

"हा बोकड नाय."

"कशावरून?"

"बोकडाची गळामिठी वर असते, बगलेत, खूनच्या नळीला लटकून. ही तर चार बोटं खाली आहे. आणि हे वरती काय चिकटलंय? नस मांसाच्या आरपार गेलीय. बोकडात बाजूने जाते, आरपार नाय." त्यांनी मोबाइल परत दिला. "माझी जबान लिहून घ्या पायजे तर."

खाटकाची साक्ष प्रबंधात चालत नाही. पण त्यांचं बोलणं डोक्यात घुमत राहिलं आणि कॉलेजच्या गेटपर्यंत येता येता मला सुचलं की आपण उगाच बरणीकडे बघत बसलोय. ज्या देहातून नस काढली तो देह अजून आहे. आपण नसेचा मधला तुकडा काढला. वरची आणि खालची टोकं आत आहेत. तुकडा परत लावून बघायचा.

सर म्हणाले, "डावी बगल मुलांनी प्रॅक्टिकलमध्ये पार पोखरलीय. आधी उजवा हात उघडा. त्यातही नसा मिळालेल्या असल्या तर प्रश्नच मिटला."

आम्ही उजवा हात उघडला. जुईलीचा हात इतका हलका होता की मी बघत राहिले. दीड तासाने दोन्ही नसा मोकळ्या झाल्या. वेगवेगळ्या. पुस्तकातल्या चित्रासारख्या, कुठेही न भेटता गेलेल्या.

जुईलीने चिमटा खाली ठेवला. "संपलं, मॅडम."

"संपलं काय? डावा आहे अजून."

"त्यात काही राहिलंय का?"

खरोखरच काही राहिलेलं दिसत नव्हतं. मुलं शिकायची म्हणजे उकरायचीच. त्यांना बोल लावता येत नाही. मी कापसाने एकेक पदर उचलत गेले. एक टोक सापडलं ते नस नव्हतं, धमनी होती. दुसरंही नव्हतं. माझी पाठ भरून आली. तिसऱ्यांदा दंडाच्या वरच्या स्नायूत बोट घातलं तर आत एक कडक टोक लागलं. नस स्नायूच्या आत शिरून तिथेच कापलेली. मुलांना ती स्नायूच्या आत असल्यामुळे दिसलीच नव्हती.

"बरणी आण," मी म्हटलं.

माझ्या आधीच्या टेक्निशियनने मला एक सवय लावली होती: वरचा काप तिरका, खालचा सरळ, म्हणजे तुकड्याचं वर-खाली कधी चुकत नाही. जुईलीने मा-सात बाहेर काढून त्या टोकाशी टेकवलं. तिरक्याला तिरका बसला. नसेला चिकटलेला मांसाचा चुरा स्नायूतल्या खळग्यात बसला. मग आम्ही दुसऱ्या नसेचं वरचं टोक शोधलं, तेही बसलं. खाली कोपराजवळचं स्लाइडसाठी कापलेलं अंतर सोडलं तर खालचं टोकही एका रेषेत आलं. फाटलेली चिठ्ठी जुळवावी तशी ती नस त्या हातात परत गेली.

जुईली ओरडली, "मॅडम!" आणि मला मिठी मारायला निघाली. मी म्हटलं, "अगं, हातमोजे काढ आधी!"

सरांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, तिन्ही टोकं स्वतः जुळवली, फोटो काढायला लावले. मग हसले. "बरोबर आहे. काही माणसांत अशी फांदी असते. पुस्तकात तळटीप असते हिची. मी पस्तीस वर्षं शिकवतोय ही तळटीप, आणि समोर आली तर बरणी चुकली म्हणालो." माझ्याकडे वळले. "चिठ्ठी बरोबर होती, वानखेडे."

"नशिबाने, सर," मी म्हटलं. "चूक झाली नाही हे खरं. पण मी ती होऊ दिली असती, हेही खरं." त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी चिठ्ठी आधी लिहायची आणि बरणी नंतर भरायची. त्यापायी दोनदा वाढदिवसाचा केक संपलेला मिळाला.

प्रबंध वेळेत गेला. निष्कर्ष साधा होता. बोकडाच्या नसेतली जुड्यांची रचना माणसाच्या बरीच जवळची आहे, तेव्हा उंदरानंतर तिच्यावर नळी तपासणं योग्य. पण बगलेजवळ नको, तिथे दोघांचे रस्ते वेगळे आहेत, खालच्या भागात तपासा. आणि माणसांतही सगळे सारखे नसतात हे सर्जनने विसरू नये, यावर मा-सातचं एक वेगळं पान. आभाराच्या पानावर जुईलीने माझं नाव घातलं आणि त्याखाली उस्मानभाईंचं. कोणीतरी विचारलं, हे कुठल्या विभागाचे? जुईली म्हणाली, "तुलनात्मक शरीररचना." मी ते पान झेरॉक्स करून उस्मानभाईंना नेऊन दिलं. त्यांनी ते गल्ल्याच्या वर काचेत लावलंय. काच बसवणाऱ्या कारागिराला मात्र या सगळ्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या हाताची वेळ निघून गेली होती. तो आता दुकानात बसून मापं घेतो, डाव्या हाताने लिहायला शिकलाय. जुईली दर भेटीत त्याचं नाव काढते.

त्यानंतर महिनाभराने देहदान केलेल्यांच्या घरच्यांचा कार्यक्रम होता. दरवर्षी विभाग त्यांना बोलावतो, दोन शब्द बोलतो, चहा देतो. चहाच्या वेळी एक सत्तरीच्या बाई माझ्याजवळ आल्या. सुलभाताई, मुलुंडच्या. म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा काही उपयोग झाला का हो? नुसतं हो म्हणू नका. खरं सांगा."

नाव ऐकलं आणि मी दचकले. देह माझ्याच सहीने आत आला होता. मा-सात त्यांचे यजमान. कोणता देह कुठे गेला हे आम्ही सांगत नाही. मी सरांकडे गेले, त्यांच्या कानात बोलले. सर म्हणाले, "त्यांनी स्वतः विचारलंय, सांगा. जुईलीला घेऊन सांगा."

जुईलीने कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पेनने दोन नसा काढल्या, मधली फांदी काढली. शंभरातल्या थोड्यांनाच अशी फांदी असते, तुमच्या यजमानांच्या डाव्या हातात होती, आणि त्यावरून आम्ही खूप शिकलो, असं समजावलं.

"डाव्या?" सुलभाताईंनी विचारलं. "अहो, ते कॅरम खेळायचे डाव्या हाताने. आमच्या सोसायटीच्या क्लबात. चाळीस वर्षं."

"या फांदीमुळे खेळात काही फरक पडत नाही हं," जुईली घाईने म्हणाली.

"ते तू कोणाला सांगू नकोस, बाळा," सुलभाताई म्हणाल्या. "क्लबातले सगळे म्हणायचे, याचा स्ट्रायकर सरळ कधी गेलाच नाही, तरी सोंगटी जाते कशी. आता सांगते त्यांना." आणि डोळे पुसता पुसता इतक्या हसल्या की बाजूचे लोक बघायला लागले. चित्र घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या सोमवारी दुपारी विभागाच्या दारात चार म्हातारे उभे. एकाच्या हातात जुईलीच्या चित्राची झेरॉक्स.

"देहदानाचे फॉर्म इथेच मिळतात ना?" पुढच्याने विचारलं. "आम्ही कॅरम क्लबातले."

"मिळतात. बसा."

"त्याचा हात स्पेशल निघाला म्हणे," दुसरा म्हणाला. "बाई, माझा बघा एकदा. फायनलला तीन वेळा हरवलंय मी त्याला."

"दोन वेळा," तिसरा म्हणाला. "आणि एकदा त्याला ताप होता."

भांडत भांडत चौघांनी फॉर्म भरले, एकमेकांचे साक्षीदार झाले, चहा प्यायले. चौथा, जो सगळा वेळ गप्प होता, तो जाता जाता माझ्या टेबलाशी थांबला. फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, घाई नाही हं."

मी म्हटलं, "काका, आम्हालाही नाही."